टेरिलीनचं शीड

आमच्या घरात जहाजाचं नाव निघालं की सगळे गप्प होत. धामणगाव बढ्याच्या अलीकडे आमचं गाव. मिरची, कांदा, कपाशी. समुद्र कुणी पाहिलेला नाही आणि पाहायची हौसही नाही. अशा गावातला माझा नवरा तरुणपणी शेती सोडून मुंबईला पळाला, वायरलेस शिकला आणि मालाच्या जहाजावर चढला. मामाजींना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, ते लागलं ते लागलंच. पोरगा जहाजावर असतानाच्या सगळ्या वर्षांना ते 'तो तिकडं होता तवा' एवढंच म्हणत. तिकडं म्हणजे कुठं, तिथं तो काय करतो, कसा राहतो, एका शब्दानं कधी विचारलं नाही.

पुढे ह्यांच्या कानाला त्रास सुरू झाला आणि हे कायमचे घरी आले. धामणगावात रेडिओ दुरुस्तीचं दुकान टाकलं. दुकान बरं चाललं, पण माणूस घरात पाहुण्यासारखा वावरायचा. बापलेक समोरासमोर जेवायला बसत आणि बोलणं काय, तर "मीठ सरकव." त्यात मुंबईहून ह्यांच्या एका जुन्या साहेबाचा निरोप आला. गोदीत वायरलेस दुरुस्तीची नोकरी आहे, येणार की नाही ते होळीपर्यंत कळव.

मला जायचं नव्हतं, हे आधीच सांगून टाकते. माझं शिलाई मशीन इथं, माझ्या गिऱ्हाईक बाया इथं, माहेर वडनेर भोलजीला, सकाळी जाऊन संध्याकाळी परतता येईल असं. मुंबईच्या एका खोलीत बसून मी काय भिंतींना ब्लाऊज शिवू? पण हे म्हणाले, "जाऊ आपण. इथं मायं काय हाये? मी इतके वर्षं काय करत होतो, हेच बापाले मालूम नाई." जरा वेळानं म्हणाले, "एकदा दाखवतो त्यायले. पाह्यलं तं पाह्यलं. नाई तं होळीले सामान बांधू."

आणि पेटीच्या तळातून एक खोकं बाहेर काढलं. शेवटच्या फेरीत कुठल्याशा परदेशी बंदरावर घेतलेलं होतं म्हणे. त्यात हातात धरायचा एक डबा, त्याला दोन दांड्या आणि उपसून लांब करायची एक तार. दुसरी एक लहान डबी, बोटीत बसवायची. हातातली दांडी हलवली की मध्ये वायर नाही, दोरा नाही, आणि तिकडं लहान डबीची पाती आपोआप हलायची! एका दांडीनं बोटीचं सुकाणू वळवायचं, दुसरीनं शिडाची दोरी ओढायची नाही तर सोडायची. मी ते पाहून "अगं बाई!" म्हणाले, हे मान्य करते.

गावात बातमी फुटली की रेडिओची बोट होऊन राह्यली. शेजारचा एक रिकामटेकडा रोज येऊन ओट्यावर बसायचा. "कोन्ते टेशन लागते हो याच्यावर? गाणे कवा लागतीन?" हे त्याला समजावून सांगायचे. तो सगळं ऐकून घ्यायचा, मान हलवायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारायचा, "आज लागतीन काय?"

बोट ह्यांनी फळांच्या खोक्याच्या पातळ फळ्यांची केली. लांबीला एखाद्या पाळण्याएवढी. बोटीच्या पोटाखाली शिशाचं वजन लागतं, नाही तर शिडात वारा भरला की ती आडवी होते. शिसं जुन्या बॅटऱ्यांमधून काढलं आणि वितळवलं कशात, तर सासूबाईंच्या लोखंडी कढईत. सासूबाईंनी अंगणात उभं राहून सगळ्या आळीला ऐकू जाईल अशी विचारपूस केली, "आता ह्या कढईत मी शिशाच्या पुऱ्या तळू काय रे?" नवी कढई आली तेव्हा कुठं त्यांचा पारा उतरला.

शिडाचं काम माझ्याकडे. कापड हलकं पाहिजे, ताणलं न जाणारं पाहिजे, पाणी न पिणारं पाहिजे. एवढ्या अटी तर नव्या नवरीच्याही नसतात. मी ह्यांची जहाजावरची पांढरी टेरिलीनची पँट पेटीतून काढून पुढ्यात ठेवली. ह्यांनी तिच्यावरून हात फिरवला. मला वाटलं, आता ओरडतात. पण म्हणाले, "काप." मला तेव्हा फार वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं की माझी कात्री जोरात चालते.

मग आमचं भांडण झालं. मी दोन तिकोनी तुकडे चांगले सपाट बेतले, तर म्हणे चूक. "शिडाले पोट पायजे."

"कसलं पोट?"

हे हवेत हातानं गोलाई काढायला लागले. पुन्हा काढली. तिसऱ्यांदा काढल्यावर माझ्या डोक्यात उजेड पडला. "अहो, हे तं ब्लाऊजचे टक्स हायेत! सरळ सांगा ना!"

"हळू बोल ना वं!" म्हणत हे ओट्याकडे पाहायला लागले. रिकामटेकडा तिथंच होता. मी टक्स घातले, आणि शीड असं सुरेख फुगलं की माझ्या गिऱ्हाईक बायांनी त्याचा बेत बारकाईनं पाहून घेतला.

पुढचं काम दोऱ्यांचं. डोलकाठी बांबूची. तिच्या टोकापासून दोन्ही बाजूंना आणि मागे नायलॉनचे बारीक दोरे बोटीच्या काठाला बांधले. बाजेची दावण ओढतात तसे ते ओढायचे, पण सारखे. एक जास्त ओढला की काठी तिकडं कलते. हे एक गाठ सोडायचे, दुसरी बांधायचे, लांब जाऊन एक डोळा मिटून पाहायचे आणि पुन्हा पहिली सोडायचे. मी तेवढ्यात दोन परकर शिवून मोकळी व्हायची. पण त्या दिवसांत हे शीळ घालत होते. लग्नापासून मी ह्यांची शीळ ऐकली नव्हती.

बोट तरंगते का, ते बैलांच्या हौदात पाहिलं. तेवढ्यात मामाजी बैल पाण्यावर घेऊन आले. धाकट्या बैलानं नाक पुढे करून शीड चाटलं. मामाजी बैलालाच म्हणाले, "चाल रे. हौद आता आपला नाई राह्यला." आणि पाणी न पाजताच त्याला फिरवून नेलं. ह्यांची शीळ त्या दिवशी बंद झाली. रात्री जेवणं झाल्यावर मी विचारलं तर म्हणाले, "सामानाची तयारी ठेव."

तरी बोट तलावावर न्यायची होतीच. दुष्काळी कामावर खोदलेला पाझर तलाव गावापासून लांब, बोट नाजूक, म्हणजे गाडी जुंपणं आलं. आणि हे तर गाडी हाकणं कधीच विसरले होते. होळीच्या आदल्या दिवशी मामाजी कुणी न सांगता गाडीवर येऊन बसले. म्हणाले, "बैलं मी कोनाच्या हाती देत नाई." बस, एवढंच. मी गोधडीत गुंडाळलेली बोट मांडीवर घेतली. रिकामटेकडा मागून पायी.

तलावावर पोचेपर्यंत अर्धं गाव जमलं. वारा छान सुटला होता. काठावर डोलकाठी उभी केली, दोरे ताणले, शिडं चढवली. आता डबा किती लांबून चालतो ते तपासायचं होतं. हे डबा घेऊन बांधावरून पार दुसऱ्या टोकाला गेले. मी मध्ये उभी राहून सुकाणूकडे पाहत "हाललं! हाललं!" असं गळा ताणून ओरडत होते. मग गर्दीतली पोरं पुढे रेटायला लागली, तशी मी त्यांना मागे हाकलायला धावले. बोटीपाशी मामाजी होते. पाठमोरे, वाकलेले.

"सोडू काय?" मामाजींनी ओरडून विचारलं. मला माझ्याच कानांवर विश्वास बसेना.

"सोडा!" लांबून ह्यांचा आवाज आला.

मामाजींनी बोट पाण्यात ढकलली. शीड फुगलं, बोट दोन-चार हात गेली आणि धप्पकन आडवी झाली. पांढरं टेरिलीन पाण्यावर पसरलं. ह्यांनी दोन्ही दांड्या हलवून पाहिल्या, पण ती काही उठेना.

"गाणं लागाच्या आंधीच गेली," रिकामटेकडा म्हणाला. लोक हसले. मी लुगडं खोचलं आणि गुडघाभर पाण्यात शिरून बोट ओढून आणली. पाहते तर डोलकाठीच्या अगदी टोकाला लिंबू, मिरच्या, बिबा आणि ह्या सगळ्यांच्या खाली बैलाच्या पायातली जुनी लोखंडी नाल! सगळं सुतळीनं आवळून पक्कं बांधलेलं.

हे धापा टाकत आले, ते पाहिलं आणि माझ्यावरच घसरले. "तुले अक्कल हाय काय? शेंड्यावर लोखंड बांधते? सारी मेहनत पाण्यात घातली!"

"मी?" माझं टाळकंच सरकलं. "शिडाचा एक टाका जड होऊ नाई दिला मी, अन् शेंड्यावर नाल बांधीन? डोकं फिरलं काय तुमचं? जा तुमच्या मुंबईले एकटे!"

"तिले काऊन बोलून राह्यला बे?" मामाजी म्हणाले. "म्या बांधलं."

हे वळले. "तुमी? काऊन पण, बाबा?"

मामाजी बैलाच्या मानेवर हात ठेवून उभे होते. ते ह्यांच्याकडे पाहत नव्हते. "सारं गाव पाहून राह्यलं. नजर नाई लागन काय?" मग म्हणाले, "तू तिकडं होता तवा बांधाव म्हनलं, तं बांधू कुठं? बोट तं मले कधी दिसली नाई. दाराले बांधे मी दर शनिवारी. पन तू दारात कुठं होता? आज बोट समोर आली, तं बांधलं."

मी त्या घरात लग्न होऊन आल्यापासून दर शनिवारी मामाजींना दाराला लिंबू-मिरची बांधताना पाहत होते. मला वाटायचं, घरासाठी बांधतात. मला रडू आलं, आणि मी ते सगळ्या गावासमोर रडले.

हे बराच वेळ चिखलात उकिडवे बसून सुतळीची गाठ सोडवत होते. गाठ सुटली तेव्हा म्हणाले, "बाबा, हे खाली पोटात ठेवलं तं चालन काय? शिशापाशी?"

मामाजींनी विचार केला. "चालन. नजरेले वर-खाली काय समजते."

मग लिंबू, मिरच्या, बिबा, नाल सगळं बोटीच्या पोटात गेलं आणि बोट निघाली. जराशी कलली, सावरली आणि तलावाच्या मधोमध जाऊन पांढरंशुभ्र शीड फुगवून वळली. मामाजींनी उन्हासाठी कपाळावर हात आडवा धरला आणि ती परत येईपर्यंत तिच्यावरची नजर हलवली नाही.

परतताना हे गाडीवर पुढे, मामाजींच्या शेजारी बसले. मी मागे, भिजलेली बोट मांडीवर घेऊन. गाव जवळ आलं. मग मामाजींनी समोर बैलांकडे पाहत विचारलं,

"तिथं भाकर भेटे काय बे तुले?"

जहाजावर भाकरी कुठून येणार? तिथं काय काय खावं लागलं, ते ह्यांनी मला सांगितलेलं होतं, आणि त्यातलं निम्मं माळकरी बापापुढं उच्चारायची सोय नव्हती.

"भेटे, बाबा," हे म्हणाले. "रोज भेटे."