डब्याला दिलेला वन्स मोर

साल एकोणीसशे चौऱ्याऐंशी, मी अठ्ठेचाळीस वर्षांचा. शाळा तिसरीपर्यंतची. पण ब्रह्मपुरीकडच्या आमच्या गावात दिवाळीनंतरच्या मंडईच्या, म्हणजे जत्रेच्या, नाटकातला खलनायक दरसाली मीच, दुसऱ्या कोणाची छाती नव्हती. धान निघालं की रिकाम्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतातच, मंडप उभा व्हायचा, लोक तणसाच्या पेंढ्यांवर बसायचे. मी स्टेजवर आलो की बाया शिव्या घालायच्या आणि मी तिथूनच उत्तर द्यायचो. कोणाला डुलकी लागली तर त्याच्याचकडे पाहून गरजायचो.

त्या साली ग्रामपंचायतीत टीव्ही आला. बातम्या सांगणारी बाई सरळ माझ्याकडे पाहायची. डावीकडे सरकलो तरी माझ्याकडेच, उजवीकडे गेलो तरी तेच. आमची घरची तर तिच्यासमोर डोक्यावरचा पदर ढळू देत नसे. मीही धुतलेला सदरा घालून, मिशा विंचरून जाऊ लागलो. ती आपल्याला पाहते की नाही, हे मला खरंच उमजेना.

मंडई जवळ आली तेव्हा सरपंच म्हणाले, "भाऊ, यंदा नाटक राहू द्या. डब्यात रोजच नाटक हाय."

मला ते झोंबलं. म्हटलं, "डब्यानं आपला वन्स मोर आयकला तर मी नाटकाचं नाव काढत नाई. नाई आयकला तर मंडप उभा होईन."

"जमलं," सरपंच हसले.

त्याच संध्याकाळी डब्यात एक बाई गायली. अशी गोड, की मी पैज विसरलो. सारं गाव ओरडलं, "वन्स मोर!" सगळ्यांत मोठा आवाज माझाच. बाईनं हात जोडले, आणि तिच्या जागी एक माणूस येऊन कपाशीवरच्या किडीचं सांगू लागला. आमच्याकडे कपाशी कुठची! आम्ही पुन्हा ओरडलो. तो किडीवरच.

"बहिरी हाय का वो थे?" घरची म्हणाली, आणि तिनं पदर खांद्यावर सोडला.

सरपंच डोकं खाजवत राहिले. मग मलाच विचारू लागले, बांबू कुठून आणायचे.

बाजूला शाळेचे तरुण मास्तर बसले होते. म्हणाले, "भाऊ, आज हा डब्बा आपल्याले नाई पाहत. पन एक दिवस असा डब्बा येईन, तुमी कुठी हासले, कुठी झोपले, सारं पाहीन."

"अन पाहून काय करन?"

"तुमाले आवडते थेच दाखवन."

"अन नाई आवडत थे?"

"थे दाखवनच नाई."

घरी जाताना माझ्या डोक्यात तेच. मी कोणाला कधी आवडलो? पण नाटकात मला स्टेजवर यायला उशीर झाला तर त्याच बाया विचारायच्या, "कुठी मेला थो?" त्या डब्याला हे कसं कळणार? तो मला दाखवील की वगळील? असा डब्बा एकदा समोर बसून पाहावा, असं फार वाटलं.

सकाळी उठलो, सब्बल खांद्यावर टाकली आणि बांधीत जाऊन मंडपाच्या खांबाचा पहिला खड्डा खणला.