पालथ्या माणसासाठी एक खून

माझ्या नवऱ्याला डॉक्टरांनी दोन आठवडे पालथं राहायला सांगितलं, तेव्हा त्याने पहिला प्रश्न विचारला, "आणि जेवण?"

"जेवतानासुद्धा मान खालीच," डॉक्टर म्हणाले. "तसेही लोक ताटाकडे बघूनच जेवतात."

नवरा ओमानमध्ये रस्ते बांधणाऱ्या एका कंपनीत साइट इंजिनिअर होता. सहमच्या बाजूच्या कामावरून गाडी चालवत अल खौदला घरी येताना त्याच्या उजव्या डोळ्याच्या कडेला काळा पडदा आला. त्याने गाडी थांबवून काच पुसली, चष्मा पुसला, मग डोळा पुसला. पडदा तिथेच. दोन दिवसांनी मस्कतच्या हॉस्पिटलात कळलं की डोळ्याच्या आतला पडदा सुटलाय. लगेच ऑपरेशन झालं. आत वायूचा एक बुडबुडा सोडला. बुडबुडा वर चढतो आणि सुटलेला पडदा दाबून धरतो, म्हणून डोळ्याची मागची बाजू वर हवी, म्हणून माणूस पालथा. पडदा चिकटला तर दिसेल. नाही चिकटला तर पुन्हा बघू. बुडबुडा जिरेपर्यंत विमानात बसायला बंदी, त्यामुळे पुण्याला सासूबाईंकडे जाऊन सगळ्यांच्या मधोमध पालथं पडायची सोयही नव्हती.

पहिल्या दोन दिवसांत त्याने पालथ्या पालथ्या फोनवर या ऑपरेशनबद्दल जगभरातल्या लोकांचं वाचलं. ज्यांचे डोळे बरे झाले त्यांनी काही लिहिलेलं नव्हतं. ते बहुधा कामाला लागले होते. ज्यांचे गेले त्यांनी सविस्तर लिहिलं होतं. साइटवरच्या माणसाला एकाच डोळ्याने दिसत असेल तर कंपनी काय करते, आणि कंपनीने काही केलं तर व्हिसाचं काय होतं, हेही त्याने शोधून काढलं. मग तो बोलायचा बंद झाला. मी फोन काढून घेतला. त्याने विरोध केला नाही, याचीच मला जास्त भीती वाटली.

आमच्या इमारतीच्या खाली एका भाईंचं दुकान होतं. बादल्या, खेळणी, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, सगळं. भाई रत्नागिरीकडच्या एका खाडीकाठच्या गावातले. आमच्या मुलीपेक्षाही लहान होते तेव्हा काकांबरोबर ओमानला आले आणि इथलेच झाले. दुपारी दुकानं बंद असतात तेव्हा ते भेटायला आले. नवऱ्याकडे थोडा वेळ बघत उभे राहिले, खाली गेले आणि मुलांची पोहायची गोल ट्यूब घेऊन आले. पिवळी, तिच्यावर बदकं. ती गादीच्या कडेला ठेवली की नवऱ्याचा चेहरा बरोबर मधल्या भोकात बसायचा. "आता श्वास पन घेता येल," भाई म्हणाले. ऑफिसातले लोक यायचे, त्यांना चेहरा बघायचा असेल तर फरशीवर उताणं पडावं लागे. बहुतेक जण पाठीशीच बोलून जात.

तिसऱ्या दिवशी मी म्हटलं, "काहीतरी वाचून दाखवू?"

"काय?"

"माझ्याकडे काय असतं?"

"खून," तो म्हणाला. ट्यूबमधून आवाज जरा घुमून यायचा.

माझ्या वाचनाबद्दल त्याचं मत लग्नापासून ठाम होतं. कोणीतरी मेलंय आणि कोणीतरी मारलंय, एवढं सांगायला तीनशे पानं कशाला? दर उन्हाळ्यात मी पुण्याहून बॅग भरून रहस्यकथा आणायचे आणि तो विमानतळावर वजनकाट्याशी उभा राहून म्हणायचा, "यात किती आंबे मावले असते." मी वाद घालत नसे. ज्याला ते सुख माहीत नाही त्याला समजावून सांगण्यात ते पुस्तक वाचायचा वेळ जातो. शाळा सुटायच्या बऱ्याच आधी मी गाडी घेऊन फाटकाबाहेर उभी असायचे. बाकीच्या आया मला फार काळजी घेणारी समजत. मी एसी लावून कोणाच्या तरी मानेभोवती दोरी आवळली जात असताना बघत असे. जिन्यावरची पावलं दाराशी येऊन थांबायची, कडी हळूच वर जायची, आणि नेमकी तेव्हाच मुलगी गाडीचं दार उघडायची. मी किंचाळायचे. तिला सवय झाली होती. "आई, बसवाल्या मुली बघतात," एवढंच म्हणायची.

मला वाटतं, त्या पुस्तकांत मला आवडायची ती काळजी. खरीखुरी काळजी, पण ती मी हवी तेव्हा बंद करून भाजीला फोडणी घालू शकत असे. आणि ती कुठेतरी संपणार, हे नक्की माहीत असायचं. तेव्हा आमच्या घरात दुसरी एक काळजी होती, तिचं असं काही नव्हतं.

तर मी वाचायला घेतलं. गोष्ट घाटातल्या एका आरोग्यधामातली. मालक विष घालून मारला जातो, दरड कोसळून रस्ता बंद, आत अडकलेले सात-आठ लोक: नर्स, मॅनेजर, पाहुणे. मी ते पूर्वी वाचलेलं होतं आणि मला ते आवडायचं. दुसऱ्या दिवशी नवऱ्याने विचारलं, "त्या नर्सने कप धुतला का?" मी मान हलवली. त्याला दिसणार नाही हे लक्षात आल्यावर तोंडाने सांगितलं.

भाई दुपारी येऊन बसू लागले. पहिल्यांदा पाच मिनिटांसाठी. मग चहा घेऊन. "वहिनी, तेवढा पुढे काय झाला ता सांगा, मग मी जातो," असं म्हणून ते तिथेच राहायचे. नर्सच खुनी आहे असं त्यांचं म्हणणं होतं. "इन्शाल्ला नर्सच निघंल," ते म्हणायचे, जणू त्या बाईचं काही भलं चिंतताहेत. मुलगी आपल्या खोलीत दार लावून असायची. तिचं मराठी बेताचं. शाळेत इंग्रजी, मैत्रिणींशी इंग्रजी, आमच्याशी मराठी सुरू करून मध्येच सोडून द्यायची. पण ते दार हळूहळू किलकिलं व्हायला लागलं होतं, आणि एका दुपारी ती येऊन बाबांच्या पायाशी बसली. "दचकला म्हणजे?" तिने विचारलं. भाईंनी तिला दचकून दाखवलं.

आणि मग नवऱ्याने घोळ घातला. पुस्तक अर्ध्यावर आलं होतं. तो ट्यूबमधून म्हणाला, "मॅनेजर."

"काय मॅनेजर?"

"मॅनेजरने मारलंय. जनरेटर बंद पडलाय हे तो आत येऊन सांगतो. पण तो तर विहिरीकडून आला. जनरेटर दुसऱ्या बाजूला आहे. त्याला कसं कळलं?"

त्याचं बरोबर होतं. मॅनेजरनेच मारलं होतं, आणि जनरेटरवरूनच तो शेवटी सापडतो. मला स्वतःला ते शेवटच्या पानापर्यंत कळलं नव्हतं.

"बघू," मी शक्य तितक्या कोरड्या आवाजात म्हणाले.

"बघायचं काय त्यात," तो म्हणाला, आणि थोड्या वेळाने, "ऑपरेशनला उशीर झाला असेल का गं? मी दोन दिवस पडद्यासकट गाडी चालवली." त्याच्या पाठीवरून मला कळलं की तो पुस्तकातून बाहेर पडलाय. पाठ वाचायची मला एव्हाना सवय झाली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी भाई आले, मुलगी आली, मी पुस्तक उघडलं आणि मॅनेजरला मारलं.

विहिरीत सापडला, असं मी वाचलं. पुस्तकात त्या पानावर मॅनेजर सगळ्यांना सूप वाढत होता. मी त्याच्या डोक्यावर मागून वार झाल्याचं वाचलं, एक बूट पायात नव्हता हेही वाचलं. बूट का नव्हता, मला माहीत नव्हतं.

मग ट्यूबमधून आवाज आला, "शक्य नाही."

"नर्स," भाई म्हणाले. "मी पयल्यापासून सांगतोय."

त्या दिवसापासून पुढचं मीच करायला लागले. सकाळी भात लावताना ठरवायचं आणि दुपारी वाचायचं. हे वाटतं तितकं सोपं नाही. दुसऱ्याने केलेला खून वाचताना आपण खुनी शोधत असतो. आपण स्वतः केला की खुनी नेमावा लागतो. माझ्याकडे एक प्रेत होतं, एक बूट होता आणि तीन श्रोते, त्यातला एक इंजिनिअर. "विहिरीला कठडा किती उंच?" तो विचारायचा. "मृत माणूस उचलून टाकायचा म्हणजे एकट्याचं काम नाही." मी म्हणायचे, "पुढे येईल." तो सकाळी उठल्या उठल्या बुटाबद्दल बोलायचा. डोळ्याबद्दल विचारायचा, पण बुटानंतर.

या दिवसांत मुलीला शाळेची बस लावली होती; एका सकाळी बस यायच्या आधी ती स्वयंपाकघरात आली आणि तिने दार लावून घेतलं. तिच्या हातात पुस्तक होतं.

"आई," ती म्हणाली, "मॅनेजर जिवंत आहे."

शाळेत तिला हिंदी होतं, त्यामुळे अक्षरं येत होती. पुढे काय होतं ते कळल्याशिवाय तिला राहवेना, म्हणून ती रोज पुस्तक खोलीत नेऊन एकेक ओळ बोट ठेवून वाचत होती. ज्या मुलीला मराठी वाचायला लावण्यासाठी मी शाळेपासून चित्रांच्या पुस्तकांपर्यंत सगळं करून हरले होते, तिने सत्तर-ऐंशी पानं स्वतःहून वाचली होती.

"तो सूप देतो. लास्ट पेजवर पोलीस त्याला पकडते," ती म्हणाली. "तू खोटी वाचते."

मी गॅस बारीक केला. तिला सांगितलं, की बाबांनी खुनी ओळखला होता, आणि अजून बरेच दिवस बाकी आहेत.

तिने विचार केला. माझी अपेक्षा होती की ती रागावेल. "मग मॅनेजरला कोणी मारलं?" तिने विचारलं.

"तेच कळत नाहीये."

"बूट कशाला काढला?"

"तेही."

बस खाली हॉर्न देत होती. "मी शाळेत थिंक करते," असं म्हणून ती गेली. संध्याकाळी स्वयंपाकघरात आली ती बूट घेऊनच. बूट आतून पोकळ, त्यात मूळ मृत्युपत्र. मी म्हटलं, मृत्युपत्र फार लोकांनी वापरलंय. मग तिने किल्ली सुचवली, औषधांच्या कपाटाची. ती चांगली होती. मारेकरी म्हणून तिने लोकर विणणारी म्हातारी पाहुणी दिली आणि कठड्याच्या अडचणीवर उपाय म्हणून म्हातारीला एक पुतण्या जोडला. आम्ही दोघी रोज पोळ्या करता करता कट करायचो. तिच्या मराठीत शब्द भरत गेले, पण ते सगळे एकाच दुकानातले: चाहूल, कुजबूज, संशय, पुरावा. फोनवर तिने पुण्याच्या आजीला विचारलं, "आजी, तू काल संध्याकाळी कुठे होती?" सासूबाईंनी मला नंतर वेगळा फोन करून, घरात सगळं ठीक आहे ना, म्हणून चौकशी केली.

तपासणीच्या दिवशी भाईंनी त्यांची मोठी गाडी काढली. नवरा मागच्या सीटवर पालथा, मी पुढे. मुलगी शाळेत. हॉस्पिटलच्या बाकावर तो मान खाली घालून बसला. शेजारी एक ओमानी आजोबा तसेच मान खाली घालून बसले होते. दोघं एकमेकांच्या चपला बघत होते.

"सांगून टाक," नवरा म्हणाला. "आत जायच्या आधी."

"पुस्तक आणलं नाही."

"तुला ते कशाला लागतं?"

मी त्याच्याकडे बघितलं. त्याला मी दिसत नव्हते.

"मॅनेजर मेला त्या दिवसापासून तू पानं उलटायची विसरतेस," तो म्हणाला. "कधीकधी एकदम दोन-तीन उलटतेस. मला दुसरं काय ऐकायला होतं?"

"मग बोलला का नाहीस?"

"बोललो असतो तर तू थांबली असतीस." तो म्हणाला, "आधी मला वाटायचं, मला माहीत नाही आणि तुला माहीत आहे. मग कळलं, तुलाही माहीत नाही. तेव्हापासून झोपच उडाली."

मग मी सांगितलं. म्हातारी, पुतण्या, कपाटाची किल्ली. अर्ध्यात हॉस्पिटलच्या नर्सने नाव पुकारलं. नवऱ्याने मान खाली ठेवूनच हात वर केला, एक मिनिट म्हणून. भाई उभे राहून ऐकत होते. "म्हंजे नर्स नाय?" ते म्हणाले, आणि फारच खट्टू झाले.

पडदा चिकटला होता. डॉक्टरांनी मान वर करायला सांगितली, तर ती होईना. हळूहळू झाली. बुडबुडा अजून अर्धा होता, त्यामुळे मी त्याला पाण्याखाली उभी असल्यासारखी दिसत होते. "तू बारीक झालीस," तो म्हणाला. डॉक्टरांनी ते नोंदवलं नाही.

डोळा पूर्ण परत आला नाही. सरळ रेघा त्याला आजही जराशा वाकड्या दिसतात, आणि रस्ते बांधणाऱ्याला ते गैरसोयीचं आहे. कंपनीने त्याला साइटवरून काढून ऑफिसात बसवलं. तिथे त्याला कंटाळा येतो, पण व्हिसा राहिला. खरं पुस्तक भाई दुकानात घेऊन गेले, आठवडाभर वाचलं आणि परत आणून दिलं. म्हणाले, "वहिनी, यात मजा नाय. मॅनेजर शेवटपर्यंत जगतो."

पुढच्या उन्हाळ्यात पुण्याला मुलीने स्वतः पुस्तकं निवडली. विमानतळावर वजन जास्त भरलं तेव्हा नवऱ्याने आंब्याची पेटी माझ्या भावाकडे परत दिली.

आता शुक्रवारच्या सुट्टीत दुपारी मुलगी वाचते. नवरा उताणा पडून ऐकतो, भाई प्लॅस्टिकची खुर्ची घेऊन येतात. ती 'ळ'पाशी अडते, जोडाक्षर आलं की मागे जाऊन पुन्हा सुरू करते. परवा नायिका तळघराच्या दाराशी पोचली होती, आतून कोणीतरी खोकलं होतं, आणि आमची मुलगी 'अंधुकसं' या शब्दावर तिसऱ्यांदा प्रयत्न करत होती. भाई खुर्चीच्या टोकावर आले.

"पोरी, चुकला तरी चालंल," ते म्हणाले. "पन लवकर वाच."