नानांची पिवळी रेघ

नाना गाडीखालून बाहेर आले की त्यांच्या उजव्या हाताची करंगळी पिवळी झालेली असायची. कुठलाही नट आवळला, कुठेही वेल्डिंग मारलं, की त्यावर ऑइलपेंटची बारीक रेघ ओढायची, हा त्यांचा नेम. ब्रश हाताशी असला तरी रेघ करंगळीनेच. "माज्या हातचा काम हाय. उद्या मोडला तं मी नाय म्हननार नाय," असं सांगायचे. आजच्या जगात असा माणूस सापडला म्हणून मी मैत्रिणींना मिरवून सांगत असे. मिरवायची मला हौसच फार.

उलव्याच्या जुन्या गावात, घराच्या ओट्यापुढेच त्यांचं गॅरेज होतं. बाबा गेल्यावर आईला हिंडवायला मला गाडी हवी होती. नानांनीच एक जुनी गाडी समोर आणून उभी केली. "माज्या मेव्हन्याची हाय. डोले झाकून घे, पोरी." मी झाकले. सख्ख्या मामानेही मला इतक्या मायेने कधी 'पोरी' म्हटलं नव्हतं.

चाकं सरळ आहेत की नाहीत हे नाना दोरीने बघत. गाडीच्या बाजूने, चाकाच्या मध्याइतक्या उंचीवर दोरी ताणायची आणि ती टायरच्या पुढच्या आणि मागच्या कडेला सारखी टेकते का ते पाहायचं. "कंपूटर बिघरल, दोरी कशी बिघरल?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मलाही त्यांनी हौसेने शिकवलं. फक्त माझ्या गाडीला ते दोरी लावत ती पुढच्या चाकांपुरतीच. मी एकदा विचारलं, तर हसले. "मागची चाका बिचारी पुढच्यांच्या मागं येतान. त्यांना काय इचारायचा?" मीही हसले.

गाडी पहिल्यापासून एका बाजूला ओढायची. सरळ जायचं तर स्टिअरिंग वाकडं धरावं लागे. मागचा डावा टायर आतल्या कडेने झिजून गुळगुळीत व्हायचा, नवा टाकला तरी तेच. मी उलव्याला जायचे, नाना पुढची चाकं थोडी इकडेतिकडे करून द्यायचे, काकू सुकटीची चटणी आणि तांदळाची भाकरी पुढे ठेवायच्या. दोष कधी खड्ड्यांचा, कधी टायरच्या कंपनीचा. एकदा तर माझाच: "तू जोरान वलवतेस, पोरी." त्या दिवसापासून मी हळूहळू वळवायला शिकले. इतका माझा विश्वास!

मग खारघरला उतारावर, ओल्या रस्त्यात, ब्रेक दाबला आणि गाडीचं मागचं अंग सरकन बाजूला गेलं. आई मागे बसली होती. दारावर आपटून तिचा खांदा काळानिळा झाला. ती मला एका शब्दाने बोलली नाही, पण दुसऱ्या दिवशी डॉक्टरकडे जाताना परस्पर रिक्षा बोलावली. ते मला फार लागलं.

त्या रविवारी सोसायटीत गाडी धुतली आणि सरळ पुढे घेतली. खाली उतरून पाहते तर कोरड्या सिमेंटवर ओल्या चाकांच्या चार रेघा. मागची चाकं पुढच्यांच्या वाटेवरून आलीच नव्हती. गाडी खेकड्यासारखी तिरकी चालत होती. मी घरातून कपड्यांची दोरी आणली. मागच्या डाव्या चाकाची पुढची कड दोरीला टेकली, मागच्या कडेशी करंगळी जाईल एवढी फट राहिली. मोबाइलचा टॉर्च लावून सरळ जमिनीवर आडवी झाले. मागच्या दोन चाकांना जोडणारा अ‍ॅक्सल वाकलेला होता, वर पत्र्याचा तुकडा वेल्डिंगने बसवलेला होता, आणि त्यावर जुनी, धुळीने मळलेली पिवळी रेघ होती.

तशीच उलव्याला गेले. नाना ओट्यावर बसून चहा पीत होते.

"नाना, अ‍ॅक्सल वाकलाय हे तुम्हाला माहीत होतं."

ते माझ्याकडे नाही, गाडीकडे बघत राहिले. "मेव्हन्यानं ठोकली होती. मीच सरल केला. वाटला, चालंल."

"माझी आई बसते या गाडीत. तिच्या हातची खीर खाल्लीत तुम्ही."

त्यांनी चहाची बशी खाली ठेवली. मग म्हणाले, "रेघ मारली ना मी? लपवायचा असता तं मारली असती का?"

सरळ खोटं बोलले असते तर मी भांडले तरी असते. आतून काकूंनी "जेवून जा गो" म्हणून हाक मारली. मी वळून पाहिलं नाही. रस्त्याला लागल्यावर मात्र रडू आवरेना. गाडी कडेला घेऊन वेड्यासारखी रडले.

आता करंजाड्याच्या एका गॅरेजमध्ये जाते. त्यांनी अ‍ॅक्सल बदलला. गाडी सुतासारखी सरळ चालते, आईसुद्धा पुन्हा बसू लागली आहे. तिथली माणसं नीट काम करतात, तक्रारीला जागा नाही. पण गाडी लिफ्टवर चढली की मी अजून खाली वाकून पिवळी रेघ शोधते. नट कोरे दिसतात, आणि ते नीट आवळले आहेत यावर माझा विश्वास बसत नाही. नानांना मी याचीच माफी देऊ शकलेले नाही.