काट्यावरचा कोंबडा

कोंबडीला किती खायला घालायचं यावर मी पीएच.डी. करतेय हे ऐकून सासूबाई म्हणाल्या, “म्हंजी आजून कुनाला म्हाईतच न्हाई व्हय?” कपाळ माझं!

मी संगमनेरच्या एका कॉलेजात कंट्रोल इंजिनिअरिंग शिकवते. मोटार कधी चालू करायची आणि कधी बंद, हे माणसाऐवजी यंत्राला कळावं, एवढाच आमचा धंदा. बाकीची समीकरणं पगारासाठी. आणि ब्रॉयलर कोंबडी अशी, की तिला थांबायचं कळतच नाही. समोर आहे तोवर हादडते, पायांत ताकद यायच्या आधी छाती भरते आणि मग बसकण मारते. सुरुवातीला खाद्य जरा आवरून घातलं तर पाय बळ धरतात आणि मागे पडलेलं वजन पुढे भरून निघतं, असं पोषणवाले सांगतात. हे आवरून घालणं यंत्राने करावं, हा माझा विषय. गाईड म्हणाले, एखादं शेड बघा. शेड घरचंच होतं. कोल्हारला, शेतात, माझ्या मोठ्या दिरांचं.

दिरांचं आपलं म्हणायचं. राबायची जाऊबाई. भांडी भरा, पाणी बदला, खालचं तूस हलवा, पुन्हा भांडी भरा. बहिणीचं डोहाळजेवण, मामेभावाचं लग्न, सगळं ‘पाखरांची बॅच चालू हाय’ म्हणून हुकलेलं. आता तिच्या सख्ख्या धाकट्या भावाचं लग्न ठरलं होतं, भंडारदऱ्याच्या वाटेवर तिच्या माहेरी, आणि तेही भर बॅचमध्ये.

“मी करवली हाय,” ती मला म्हणाली. “तुझं मशीन मला दोन दिस सोडवंल का, तेवढं सांग. तुझ्या पीएच.डी.चं तुझं तू बघ.”

संशोधनाचं उद्दिष्ट इतकं स्वच्छ मला गाईडनेही कधी सांगितलं नव्हतं. मी तुसात एक वजनकाटा ठेवला. पाखरू वर चढलं की काट्याने वजन टिपायचं. असायला हवं त्याहून जास्त भरलं तर भांड्यांत खाद्य सोडणारी मोटार कमी फिरणार, कमी भरलं तर जास्त. कॉलेजच्या कॉम्प्युटरवर हे इतकं सुरेख चालायचं की मी पेढे वाटायच्या बेतात होते.

थोड्याच दिवसांत जाऊबाईचा फोन. “आगं बये, पाखरं उपाशी मराय लागली! तुझं मशीन खायाला घालंना!”

लेक्चर टाकून, स्कूटी दामटत मी कोल्हार गाठलं. शेडमध्ये पाखरं रिकाम्या भांड्यांवर चोची आपटत होती आणि काट्यावर एक धष्टपुष्ट कोंबडा खुशाल बसला होता. काट्याचा पत्रा गार लागत असणार मेल्याला. तो उठतच नव्हता, आणि माझं यंत्र त्यालाच पुन्हा पुन्हा मोजून ठरवत होतं, की सगळेच असे माजलेत, आता पुरे! एका टोणग्यापायी साऱ्या शेडचं जेवण बंद. असा कारभार मी फक्त कॉलेजच्या कमिट्यांत पाहिला होता. त्याला ढोसून उठवलं, तर पुन्हा येऊन बसला. मला रडूच फुटलं; लग्न तोंडावर आलं होतं.

मग यंत्राला शिकवलं: जो चढेल आणि उतरेल, त्याचंच वजन धरायचं. ठाण मांडून बसलेल्याला मोजायचंच नाही. आणि जमलं की! भांडी वेळेवर भरू लागली, पाखरं ठणठणीत.

लग्नाला निघायची सकाळ. गाडी चालवायला माझा नवरा, मागे सासूबाई. जाऊबाई नव्या साडीत, गजरा माळून, पिशवी घेऊन बाहेर आली. दीर आधीच पुढच्या सीटवर, सेंट मारून. काच खाली करून म्हणाले, “तू थांब. मशीन नवं हाय, त्याच्यावर ध्यान ठिवाय कुनीतरी पायजे ना.”

भावाचं लग्न कुणाच्या? तिच्या! जाऊबाईने पिशवी ओट्यावर ठेवली आणि गजरा काढायला हात वर नेला.

माझं डोकंच सणकलं. हिला सोडवायला मी जीव काढला आणि सुटला कोण, तर हा बाबा!

“भाऊजी, उतरा खाली,” मी म्हणाले. “मशीनवर ध्यान कसं ठेवायचं ते मी शिकवते तुम्हाला. मीही थांबते.”

मोठ्या दिरांना मी जन्मात असं बोलले नव्हते. नवरा स्टिअरिंगकडे बघत बसला. शेवटी मागून सासूबाईच म्हणाल्या, “उतर रं, उशीर हुतोय.”

दुपारी जाऊबाईचा फोन आला. मागे बँड वाजत होता.

“पाखरं खात्यात का?”

“खातायत.”

“आन ह्ये काय करत्यात?”

मी वळून पाहिलं. दीर तुसात उकिडवे बसून त्या कोंबड्याला काट्यावरून उठवत होते.

“काम करतायत,” मी म्हणाले.

मग ती म्हणाली, “तर मग मी आनखी दोन दिस ऱ्हाते.”