बुरशीची वीट
लाकडाच्या ओल्या भुशाचा वास आला की मला नेदरलँड्समधल्या नायमेखन शहरातलं लॉकडाऊन आठवतं. एका अवकाशसंस्थेने भविष्यासाठी अचाट कल्पना मागवल्या होत्या. मी कितीतरी आठवडे गणितं मांडून नव्या इंजिनाचा प्रस्ताव पाठवला. नवऱ्याने मात्र स्वयंपाकघरात भुशावर बुरशी वाढवून वीट बनवली आणि तीच कल्पना पाठवली; म्हणे, चंद्रावर घरं अशी उगवून घेता येतील. निवड त्याची झाली. व्हिडिओ कॉलवर परीक्षक ती वीट न्याहाळत असताना कॅमेरा मीच धरला होता, आणि आतून जळत होते. नंतर सासूबाईंना फोनवर तो म्हणाला, "आई, आम्ही दोघांनी मिळून केलं." सगळं श्रेय त्याने घेतलं असतं तर मला भांडता तरी आलं असतं. आज त्याचं कौतुक मी मनापासून करते, पण ते 'दोघांनी' अजून टोचतं.