हे लुगडं कुणाचं?

कार्ड दुपारच्या तासानंतर हातात पडलं. शेजारच्या मास्तरांचं अक्षर मी लांबूनच ओळखलं. दोनच ओळी होत्या : तात्या ताप येऊन गेले, ताबडतोब निघावे. मी ते कार्ड तत्त्वज्ञानाच्या वहीत ठेवलं आणि पुण्याहून मिळेल त्या गाडीनं निघालो. कुर्डुवाडीला गाडी बराच वेळ थांबली, तेव्हा वही उघडली. कार्ड नेमकं ज्या पानात होतं, त्या पानाच्या समासात मीच पंधरा दिवसांपूर्वी लिहिलं होतं, ‘तात्यांना सांगणे.’ ते सांगायचं राहून गेलं... म्हणून हे लिहीत आहे. मला लिहिण्याची सवय नाही, वाचकांनी सांभाळून घ्यावं.

तात्या माझे थोरले चुलते. वडील मला आठवत नाहीत, मला तात्यांनी आणि काकूंनी वाढवलं. सोलापुरात आमच्या दोन खोल्यांपैकी एक खोली मागाची होती. मागाखालच्या खड्ड्यात पाय सोडून तात्या दिवसभर लुगडी विणत. बाहेर गिरण्यांचे भोंगे होत, शेजारची माणसं भोंग्यावर कामाला जात. तात्यांचा भोंगा म्हणजे काकूंच्या चुलीवरचा चहा. त्यांना वाचता येत नव्हतं. पण माझी पुस्तकं ते हाताळून बघत आणि शिवण घट्ट आहे की नाही, ते सांगत.

त्यांची एक रीत होती, तिला सगळी गल्ली हसे. नवं लुगडं मागावर धरण्याआधी ते विचारत, “हे कुनाचं?” दलाल म्हणे, “अहो तात्या, पेठेत जाणार, पेठेतून कुठं जाईल देव जाणे. कुणीही नेसेल.” मग तात्या स्वतःच ठरवत. हे पेरणीवालीचं. हे नव्या नवरीचं. हे आमच्या सोजरामावशीसारख्या गिरणीवालीचं. सोजरामावशी समोरच राहत, गिरणीत दिवसभर बसून काम करत. बसून काम करणारीचं लुगडं आधी काष्ट्याशी विरतं, म्हणून तेवढा भाग येताच तात्या मागाची फणी जोरानं ओढत, वीण दाट करत. पेरणीवालीचा खालचा काठ चिखलात विरतो, म्हणून तो तसा दाट. ते लुगडं सोजरामावशींना मिळणार नाही, हे त्यांना ठाऊक असे. तरी ते तसंच विणत. दलाल कुरकुरे, “तुमचं लुगडं म्हणजे नवरी हो तात्या, मुहूर्त टळला तरी बाहेर येत नाही.” तात्या म्हणत, “आली म्हंजे नांदंल तरी नीट.”

मागच्या सुटीत मी घरी आलो तेव्हा माझ्या डोक्यात एक नवा शब्द होता. टेलॉस. ग्रीक शब्द. आमच्या प्राध्यापकांनी त्यावर दोन तास घेतले होते. आपण प्रयोजन म्हणू, हेतू म्हणू. पण नुसता मनातला हेतू नव्हे. बी रुजतं ते झाड होण्याकडे जातं, ते झाड बीचं टेलॉस. करवत असते कापण्यासाठी, ते कापणं करवतीचं टेलॉस. घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. आपण काय शिकतो ते घरी सांगावं, असं फार वाटे, आणि खरं सांगायचं तर थोडी मिरवायचीही हौस होती. मी मागाशेजारी बसून तात्यांना हे सगळं सांगितलं.

“तर तात्या, या मागाचं टेलॉस काय? लुगडं.”

सुताचा धोटा मागावर दोनदा इकडून तिकडे गेला.

“आन् लुगड्याचं?”

“नेसणं.”

“कुनी?”

मला हसू आलं. “कुणीही. तत्त्वज्ञानात ‘कुणी’ असं विचारत नाहीत.”

“मंग तुमचं तत्त्वज्ञान आपल्या दलालावानीच हाय की.”

चुलीपाशी काकू हसल्या. मी जरा हिरमुसलो. तेवढ्यात तात्यांनी हात थांबवून विचारलं, “आन् तू शिकतूस ते कुनासाठी रं?”

त्यांचा सूर साधाच होता. ठाऊक नाही म्हणावं, तर लाज वाटली. मी म्हणालो, “ज्ञान हे ज्ञानासाठीच असतं, तात्या.” पुस्तकातलं वाक्य होतं. तात्यांनी माझ्याकडे पाहिलं, “असंल,” म्हणाले आणि पुन्हा विणू लागले. ते ‘असंल’ मी पुण्याला बरोबर घेऊन गेलो.

पुढे एके दिवशी प्राध्यापक सहज म्हणाले, की ‘ज्यासाठी’ याचे टेलॉस मांडणाऱ्या ग्रीक तत्त्ववेत्त्यानंच दोन अर्थ वेगळे केले आहेत. एक, जे साधायचं ते. दुसरा, ज्याच्याकरता साधायचं तो. वैद्याला साधायचं असतं आरोग्य. पण ते कुणाकरता, तर समोरच्या रोग्याकरता. मी बाकावर ताठ बसलो. हे तर तात्यांनी मला खड्ड्यात बसून विचारलं होतं. पत्र लिहावंसं वाटलं, पण ते मास्तर वाचून दाखवणार. म्हटलं परीक्षा झाली की समोर बसून सांगू. तात्या बरोबर होते, मी चुकलो होतो, एवढंच तर सांगायचं होतं...

घरी पोचलो तेव्हा सगळं उरकलं होतं. मागावर अर्धं लुगडं तसंच होतं, गर्द हिरवं, तांबड्या काठाचं. तेराव्यानंतर दलाल आला. डोळे पुसून म्हणाला, “एवढं पुरं करायला कुणी मिळेल का?” मी म्हणालो, मी करतो. लहानपणी तात्यांनी मला विणायला शिकवलं होतं, पण आता हाताची सवय मोडली होती.

मी खड्ड्यात उतरलो. बसायची जागा तात्यांच्या मापाची, मला खोल पडत होती. धोटा उचलला तशा काकू दारात आल्या.

“थांब. कुनाचं म्हून इनतूस?”

“तात्यांनी काय ठरवलं होतं?”

“मला न्हाय सांगितलं. अर्ध्यावर आलं आन् ताप चढला. आता तूच ठरीव.”

मी धोटा पुन्हा खाली ठेवला. मी कुणासाठी शिकतो, याचं उत्तर मला त्या दिवशीही आलं नाही, अजून आलेलं नाही. पण एवढ्या अर्ध्या लुगड्याचं तरी मला सांगता येत होतं. समोरच्या दारात सोजरामावशी गिरणीतून येऊन पाय चोळत बसल्या होत्या.

“सोजरामावशीचं,” मी म्हणालो.

काकूंनी विणलेल्या भागावरून हात फिरवला, वितीनं मोजत पुढे आल्या आणि न विणलेल्या सुतावर एका जागी बोट ठेवलं.

“मंग हितनं दाबून वड. ती लई बसून असती.”