आबांची स्कूटर पाण्यानं गंजली

मंडळी, आज कळंबला वेल्डिंगच्या दुकानात स्कूटरवरून चाललेला आमच्या घरचा एक वाद मिटला. कसा, ते सांगतो.

वडिलांची, म्हणजे आबांची, जुनी गिअरची स्कूटर. पाय ठेवायचा पत्रा इतका गंजला होता की खालचा रस्ता दिसायचा. टंचाईच्या उन्हाळ्यांत आबा त्याच पत्र्यावर घागरी ठेवून लांबच्या बोअरचं पाणी आणायचे. हिंदकळून सांडलेल्या पाण्यानं तो खाल्ला.

दुकानाच्या सलीमभाईंनी गाडी आडवी करून खालून हातोडीनं ठोकून पाहिली. "आबा, मधला कणा शाबूत हाय. पत्रा कापून नवा जोडता येतो. न्हायतर अख्खा सांगाडा बदला."

मी म्हणालो, "त्यापेक्षा नवी गाडीच घेऊ."

आबांनी जड मनानं मान डोलावली, ती शेजारी उभ्या असलेल्या आईसाठी. ती या स्कूटरला कायम खटारा म्हणत आलीय.

तेवढ्यात आईच म्हणाली, "पाणी आणत होती तवा कुणी म्हणलं न्हाय बदला म्हणून. पत्रा जोडा, सलीमभाई."

आबा बघतच राहिले. "अगं, तूच तर तिला खटारा म्हणतीस."

"मी म्हणंन. दुसऱ्यानं न्हाय म्हणायचं."

सलीमभाईंनी हसतच पत्रा कापायला घेतला. "जोडतो, पण घागर परत ठिवायची न्हाय."

"दारात नळ आलाय आता," आबा आईकडे बघत म्हणाले. "आता फक्त हिलाच फिरवतो."

संध्याकाळी दोघं स्कूटरवरून घरी गेले. मी मागून चालत आलो, पण लई खुशीत.

तुमच्या घरातही अशी एखादी वस्तू असेल, जिला नावं ठेवायचा हक्क एकाच माणसाला आहे. कोणती?